साईड दिली की पॉट का हुकतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. तुम्ही कोथरूडच्या एका पार्लरमध्ये वर्षभर पूल खेळताय, म्हणजे क्यूच्या काठीने पांढरा बॉल मारून रंगीत बॉल पॉकेटात घालायचा खेळ. पांढरा मधोमध मारला की पॉट पडतात, म्हणजे रंगीत बॉल पॉकेटात जातात. कट, म्हणजे तिरके पॉटसुद्धा पडतात. पण पुढच्या बॉलसाठी पांढरा सोयीच्या जागी यावा (यालाच पोझिशन म्हणतात) म्हणून साईड दिली, म्हणजे पांढरा मध्याच्या डावी-उजवीकडे मारून फिरवला, की तोच पॉट हुकतो. कधी जाड लागतो (पांढरा रंगीत बॉलला हवा त्यापेक्षा भरून लागतो), कधी पातळ (हवा त्यापेक्षा कडेला लागतो), आणि त्यात काही नियम दिसत नाही. मित्र म्हणतात, स्पिन सोड, आधी पॉटिंग पक्कं कर. व्हिडिओवाले म्हणतात, लो डिफ्लेक्शन शाफ्ट घ्या (शाफ्ट म्हणजे क्यूचा पुढचा भाग). ऐकायचं कोणाचं?

मला यात सगळ्यात कामाचं वाटलं ते ‘कधी जाड, कधी पातळ’ एवढंच. कायम एकाच बाजूला हुकत असतं तर मी म्हटलं असतं, निशाणा जरा सरकवा, विषय संपला. दोन्ही बाजूंना हुकतंय म्हणजे साईडबरोबर आणखी काहीतरी बदलतंय. इतकी वर्षं पोरांना शिकवताना माझ्या पाहण्यात ते ‘आणखी काहीतरी’ बहुतेक वेळा एकच निघालंय, ते म्हणजे जोर. पांढरा दोन कुशन (टेबलाच्या रबरी कडा) फिरवून आणायचा असला की आपण ठोकतो, इथेच जवळ ठेवायचा असला की हळूच लावतो. आणि साईडमुळे निशाणा बिघडतो तो ठोकल्यावर एका बाजूला, हळू मारल्यावर दुसऱ्या बाजूला. नियम आहे. फक्त तो साईड आणि जोर या दोघांचा मिळून आहे, म्हणून एकट्या साईडकडे बघून सापडत नाही.

किती बिघडेल हे मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही. तुमचा क्यू, त्याची टिप (पुढचं टोक), टेबलाचं कापड, बॉल किती स्वच्छ आहेत, पांढरा किती लांब आहे, मागचा हात किती वर उचलावा लागतोय, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. पण कुठल्या बाजूला बिघडेल आणि का, हे नक्की सांगता येतं. ते कळलं की बाकीचं टेबलावर तासभर घालवून स्वतःच शोधता येतं.

साईड दिलेला पांढरा तीन ठिकाणी तुमचं ऐकत नाही. टिपेपासून सुटताना, कापडावरून जाताना आणि रंगीत बॉलला लागताना. पुढचं सगळं उजव्या साईडचं सांगतो. डावीचं तुम्ही उलटं करून घ्या.

सुटताना जे होतं ते डिफ्लेक्शन. पांढरा उजव्या बाजूला मारला की तो क्यूच्या रेषेत न जाता किंचित डावीकडे सुटतो. टिप बॉलला टेकलेली असते तो वेळ सेकंदाचा साधारण हजारावा भाग. तेवढ्यात बॉल फिरायला लागतो आणि त्याची पाठ टिपेला उजवीकडे ओढून नेते. टिपेमागे शाफ्टचं वजन आहे, ते सहजासहजी बाजूला व्हायला तयार नसतं, त्यामुळे त्याची प्रतिक्रिया म्हणून बॉल डावीकडे ढकलला जातो. यात अख्ख्या क्यूचं वजन मोजायचं नाही. टिपेजवळच्या काही इंचांत जेवढा जडपणा आहे तेवढाच हिशोबात येतो. लो डिफ्लेक्शन शाफ्ट म्हणतात तो हा पुढचा भाग हलका केलेला शाफ्ट, दुसरं काही नाही.

इथे दोन गैरसमज फार चालतात. एक, जोरात मारलं की डिफ्लेक्शन वाढतं. तसं नाही. सुटण्याचा कोन हळू आणि जोरात मारताना जवळपास तोच असतो. तो ठरतो टिप मध्यापासून किती बाजूला लागली यावर, अर्धी साईड दिली तर साधारण अर्धा कोन. दुसरा, मनगट सैल सोडलं की डिफ्लेक्शन जातं. हजाराव्या भागात मनगटाला काय खबर लागणार?

आता हे किती महागात पडतं ते आकड्यांत बघा, कारण बहुतेकांना अंदाज नसतो. साध्या शाफ्टने भरपूर साईड दिली तर दोन अंशांच्या आसपास कोन सुटतो असं धरू. दोन अंश म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण एक मीटर अंतरावर ते होतात ३५ मिलिमीटर. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, म्हणजे तुम्ही अर्ध्या बॉलपेक्षा जास्त चुकलात. त्यात हेही धरा की पांढरा रंगीत बॉलजवळ पोचताना एक मिलिमीटर जरी बाजूला असला तरी रंगीत बॉलची दिशा साधारण एक अंशाने बदलते, कट असेल तर थोडी जास्तच. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साधारण दोन बॉल शेजारी शेजारी मावतील एवढं असतं. रंगीत बॉल पॉकेटपासून मीटरभर लांब असेल तर तुम्हाला दोन्ही बाजूंना सूट मिळते ती जेमतेम दीड-दीड अंशाची. म्हणजे पांढऱ्याने दीड मिलिमीटर इकडे-तिकडे केलं की संपलं, आणि डिफ्लेक्शन तर ३५ मिलिमीटरच्या गोष्टी करतंय.

मग प्रश्न पडायला हवा की साईड देऊन आपला एकही पॉट पडतो कसा! पडतो, कारण वर्षभर खेळणाऱ्या माणसाचा हात नकळत भरपाई करायला शिकलेला असतो. निशाणा आपोआप थोडा उजवीकडे धरला जातो, किंवा शेवटच्या क्षणी क्यू किंचित वळतो. तुमचाही शिकलाय. पण तो शिकलाय तुमच्या नेहमीच्या मध्यम जोराला. जोर बदलला की भरपाई तीच राहते आणि हिशोब बदललेला असतो. तुमच्या ‘कधी जाड, कधी पातळ’चं मूळ इथे आहे.

डिफ्लेक्शन जोराने बदलत नाही म्हटलं, मग हिशोब बदलतो कशाने? उरलेल्या दोन ठिकाणांनी.

क्यू टेबलाला पूर्ण आडवा कधीच नसतो. मागे कुशन असतं, त्यावरून मूठ न्यायची असते, त्यामुळे क्यूचा मागचा भाग थोडा तरी वर राहतो. त्यामुळे बॉलची फिरकी अगदी सरळ उभ्या आसाभोवती नसून किंचित कललेली असते, आणि कापडाचं घर्षण पांढऱ्याला साईडच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे, परत ओढतं. हा स्वर्व्ह. पांढरा घसरत असतो तोवरच तो वळतो. घसरणं संपून तो गडगडायला लागला की वाट सरळ होते. या वळणाचं गणित कोरिओलिसने १८३५ सालीच मांडून ठेवलंय. भूगोलाच्या पुस्तकात वाऱ्यांच्या धड्यात भेटतो तोच हा कोरिओलिस. तुमच्या कामाचा भाग एवढाच की हळू मारलेला पांढरा लवकर गडगडायला लागतो, म्हणजे वळण रंगीत बॉलपर्यंत पोचायच्या आतच घेऊन टाकतो. जोरात मारलेला लांबपर्यंत घसरत जातो, त्याचं वळण उशिरा येतं आणि तोवर टक्कर होऊन गेलेली असते. पांढरा कुशनला चिकटलेला असला की क्यू जास्त उचलावा लागतो, तिथे स्वर्व्हही जास्त. चिकटलेल्या पांढऱ्याला साईड देऊन लांबचा पॉट मारणं हा पार्लरमध्ये रोज दिसणारा आणि क्वचितच पडणारा शॉट आहे.

तिसरं ठिकाण टक्कर. दोन बॉल एकमेकांना घासूनच लागतात आणि त्या घासण्याने रंगीत बॉल थोडा ओढला जातो. याला थ्रो म्हणतात. उजवी साईड असेल तर पांढऱ्याची पुढची बाजू डावीकडे फिरत असते, म्हणून रंगीत बॉल डावीकडे ओढला जातो. पण साईड नसतानाही कटमध्ये थ्रो असतोच: पांढरा ज्या दिशेने घासत जातो त्या दिशेने तो रंगीत बॉलला थोडा सोबत नेतो आणि कट अपेक्षेपेक्षा जाड निघतो. बॉल हळू घासले तर घर्षण जास्त पकडतं, जोरात घासले तर कमी. म्हणून थ्रो हळू शॉटला जास्त. पांढरा स्टन असताना, म्हणजे ना पुढची फिरकी ना मागची, तो सगळ्यात जास्त असतो. टॉप (पुढची फिरकी) किंवा स्क्रू (मागची) असेल तर घासणं वरखालीही वाटलं जातं आणि बाजूचा ओढा कमी होतो.

आता तिन्ही एकत्र ठेवू. एक शॉट डोळ्यांसमोर आणा: रंगीत बॉल डावीकडे कट करायचाय, हाफ बॉल, म्हणजे ३० अंशांचा कट, पांढरा मीटरभर लांब. पांढऱ्याला रंगीत बॉलच्या उजव्या कडेला लागायचंय.

यात उजवी साईड दिली तर ती बाहेरची साईड. जुने बिलियर्ड्सवाले कुशनवरच्या परिणामाकडे बघून हिलाच बहुतेक वेळा रनिंग साईड म्हणतात. डिफ्लेक्शन पांढऱ्याला डावीकडे नेतं, म्हणजे जाड. स्वर्व्ह त्याला उजवीकडे परत आणतो, म्हणजे पातळ. थ्रो रंगीत बॉलला डावीकडे ओढतो, म्हणजे तोही पातळ. जोरात मारलं की स्वर्व्ह आणि थ्रो दोन्ही मागे पडतात, उरतं डिफ्लेक्शन, शॉट जाड लागतो. हळू मारलं की ते दोघे जोर धरतात, शॉट पातळ लागतो.

डावी साईड दिली तर ती आतली. सगळं उलटं: जोरात मारलं की पातळ, हळू मारलं की जाड. आतली साईड जास्त त्रासदायक का वाटते याचं कारणही इथेच आहे. कटचा स्वतःचा थ्रो आणि साईडचा थ्रो दोन्ही एकाच बाजूला असतात, एकमेकांना खोडत नाहीत. बाहेरच्या साईडला मात्र दोन थ्रो एकमेकांविरुद्ध असतात आणि एका ठरावीक प्रमाणात ते अगदी बरोबर खोडले जातात. तेव्हा दोन बॉल घासतच नाहीत, दातेरी चाकांसारखे एकमेकांवरून फिरून सुटतात. हाफ बॉल कटला, जवळच्या शॉटला, हे प्रमाण येतं मध्यापासून पाच-सहा मिलिमीटर. मिसक्यू न होता, म्हणजे टिप न सटकता, जेवढी जास्तीत जास्त साईड देता येते तिच्या साधारण ४० टक्के. कट जाड असेल तर याहून कमी पुरते, पातळ असेल तर जास्त लागते. चॉकचा डाग पडलेल्या जुनाट बॉलवर खेळताना मी हाफ बॉलच्या आसपासचे छोटे कट मुद्दाम थोडी बाहेरची साईड देऊन मारतो, ते याचसाठी.

थोडक्यात, बाहेरची साईड: ठोकला तर जाड, हळू तर पातळ. आतली: ठोकला तर पातळ, हळू तर जाड. पुढच्या वेळी हुकल्यावर साईड कुठली होती आणि जोर किती होता हे दोन्ही आठवून बघा. बहुतेक चुका या चार खणांपैकी एकात जाऊन बसतील.

ज्या चुका बसणार नाहीत त्यांचं कारण बरेचदा वेगळंच असतं. तुम्हाला वाटतं तुम्ही मधोमध मारताय, प्रत्यक्षात टिप थोडी बाजूला लागतेय. म्हणजे न दिलेली साईड. एक पट्टेवाला बॉल पांढऱ्याच्या जागी घ्या, पट्टा उभा आणि बरोबर शॉटच्या रेषेत ठेवा, आणि मध्याच्या जरा वर मारून समोरच्या कुशनकडे पाठवा. पट्टा चाकासारखा सरळ फिरत गेला तर तुम्ही खरंच मधोमध मारलंत. डुगडुगला तर नाही. टिपेला ताजं चॉक लावलेलं असेल तर बॉलवर बारीक निळा ठिपका उमटतो, तो वाकून बघा. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त लोक हा ठिपका बघून आधी माझ्याशी वाद घालतात. बहुतेक सेटमध्ये पट्ट्याची रुंदीसुद्धा कामाला येते. पट्टा उभा धरला की त्याच्या दोन कडा साधारण तिथे असतात जिथे मिसक्यूची हद्द सुरू होते, म्हणजे मध्यापासून १४ मिलिमीटरच्या आसपास, बॉलच्या त्रिज्येच्या निम्म्यावर. त्यापलीकडे कितीही चॉक लावा, टिप सटकणार.

आणखी एक बारकावा. टिप गोलसर असल्यामुळे क्यू जेवढा बाजूला सरकवता तेवढा टेकण्याचा बिंदू सरकत नाही. क्यू आठ मिलिमीटर सरकवलात तर टेकण्याची जागा सहाच्या आसपास सरकते. म्हणून ‘एक टिप साईड’, ‘दीड टिप साईड’ अशी मापं ऐकताना सांगणारा क्यूबद्दल बोलतोय की ठिपक्याबद्दल, हे विचारून घ्यावं. मी नेहमी ठिपक्याबद्दल बोलतो.

आता टेबलावरचं काम. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. मागे चार पोरं टेबलाची वाट बघत उभी असताना कोणी प्रयोग करू शकत नाही. आठवड्यातली एखादी दुपार धरा, तेव्हा पार्लर रिकामं असतं आणि बऱ्याच ठिकाणी टेबलाचं भाडंही स्वस्त पडतं. खिशात कपाळाच्या बारीक टिकल्यांचं एक पाकीट ठेवा. बॉलच्या जागा पक्क्या करायला टिकलीसारखं काही नाही, पण आधी मालकाला विचारा आणि जाताना आठवणीने काढा.

पहिला शॉट फक्त थ्रोसाठी. रंगीत बॉल कोपऱ्याच्या पॉकेटपासून दोनेक फुटांवर ठेवा, पांढरा त्याच्या मागे जेमतेम इंचभर अंतरावर, अगदी सरळ रेषेत. उजवी साईड द्या आणि हळू मारा. इतक्या जवळून डिफ्लेक्शन आणि स्वर्व्ह दोन्ही फार कमी असतात, त्यामुळे रंगीत बॉल डावीकडे सरकताना दिसेल तो थ्रो. आता तोच शॉट जोरात मारा. सरकणं कमी झालेलं डोळ्यांना दिसेल. बॉल पुसून पुन्हा मारा, आणखी कमी होईल. हा प्रयोग सगळ्यांनी एकदा तरी करावा. थ्रो खरा आहे की नाही यावर होणारे कट्ट्यावरचे वाद त्याने पाच मिनिटांत मिटतात.

दुसरा शॉट डिफ्लेक्शनसाठी, आणि यात तुमच्या क्यूची ओळख होते. रंगीत बॉल मीटरभर लांब ठेवा आणि पांढऱ्याच्या मधोमध, फुल बॉल, म्हणजे अगदी समोरासमोर लागेल असा निशाणा धरा. ब्रिजचा हात (टेबलावर टेकून क्यूला आधार देणारा) जागचा हलू न देता फक्त मागचा हात डावीकडे सरकवा, म्हणजे टिप पांढऱ्याच्या उजवीकडे येईल आणि क्यूचं तोंडही थोडं उजवीकडे वळेल. आता तसाच, जोरात आणि क्यू होईल तेवढा आडवा ठेवून मारा. क्यूचं वळणं पांढऱ्याला उजवीकडे नेतं, डिफ्लेक्शन डावीकडे. दोन्ही बरोबर खोडले गेले तर पांढरा फुल बॉल लागेल. तो रंगीत बॉलच्या उजव्या बाजूला लागला तर तुमचा ब्रिज लहान पडतोय, हात बॉलपासून थोडा मागे घ्या. डाव्या बाजूला लागला तर ब्रिज लांब आहे, पुढे या. असं करत एक अंतर सापडतं जिथे हे जुळतं. साध्या शाफ्टला ते कमी असतं, लो डिफ्लेक्शनला जास्त. कधी कधी ते इतकं लांब निघतं की त्या अंतरावर ब्रिज ठेवून खेळणं गैरसोयीचं होतं. तेव्हा थोडी भरपाई मागच्या हाताने आणि थोडी निशाण्याने करावी लागते. याला बॅकहँड इंग्लिश म्हणतात आणि व्हिडिओंमध्ये ते रामबाण म्हणून विकलं जातं. जोरदार, कमी-मध्यम अंतराच्या शॉटला ते छान चालतं. हळू शॉटला स्वर्व्ह मध्ये येतो आणि तुम्ही अति भरपाई करून बसता. रामबाण नाही.

तिसरा शॉट तुमच्या खऱ्या दुखण्याचा. वर सांगितलेला हाफ बॉल कट टिकल्या लावून मांडा. साईड एकच, अर्धी, बाहेरची. निशाणाही एकच. फक्त जोर तीन: पांढरा टक्करीनंतर जेमतेम एका कुशनला पोचेल इतका, दोन कुशन फिरेल इतका, आणि ठोकून. प्रत्येक जोराला थोडे शॉट मारा आणि जाड की पातळ एवढंच वहीत लिहा, पडला की नाही हे लिहू नका. पॉकेटची सूट बऱ्याच चुका झाकते आणि आकडे बिघडवते. मग आतली साईड देऊन तेच. वहीचं पान भरलं की तुम्हाला तुमचा नियम तुमच्या अक्षरात दिसेल.

यात एक गोष्ट मी बाजूला ठेवली होती, ती आता बोलतो. साईड द्यायचीच कशाला? माझं मत स्पष्ट आहे: टक्करीनंतर पांढरा कुशनला लागणार नसेल तर साईडचा पोझिशनसाठी जवळजवळ काही उपयोग नाही. साईडची ताकद कुशनवर दिसते, मोकळ्या कापडावर पांढरा कुठे जाईल हे कटचा कोन, जोर आणि टॉप-स्क्रू ठरवतात. आणि टॉप-स्क्रू उभ्या मध्यरेषेवर मारले तर पांढरा रेषा सोडत नाही, डिफ्लेक्शन नाही, स्वर्व्ह नाही. जिथे वर-खाली मारून काम होतं तिथे बाजूला जाऊन हे तीन शत्रू अंगावर घ्यायची गरज काय?

त्यासाठी दोन गोष्टी पाठ हव्यात. पांढरा टक्करीच्या क्षणी स्टन असेल तर तो रंगीत बॉलच्या वाटेशी ९० अंशांत सुटतो. आणि तो नुसता गडगडत आला असेल तर पाव बॉलपासून पाऊण बॉलपर्यंतच्या (पांढरा रंगीत बॉलचा किती भाग झाकतो त्या मापाने) सगळ्या कटांना तो आपल्या मूळ दिशेपासून साधारण ३० अंश वळतो. तर्जनी आणि मधलं बोट ताणून व्ही केला की जो कोन होतो तो साधारण तेवढाच, टेबलावर धरून बघता येतो. या दोन रेषांच्या मधली कुठलीही वाट टिप वर-खाली करून मिळते. पार्लरमध्ये साईड मारून साधली जाणारी निम्मी पोझिशन या दोन रेषांवर आधीच ठेवलेली असते.

पुण्यात हे बघायला लांब जायला नको. हे शहर बिलियर्ड्सचं जुनं ठिकाण आहे. १९५८ साली जागतिक हौशी बिलियर्ड्सचं विजेतेपद जिंकणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले, पंकज अडवाणीही पुण्यातच जन्मलेले. जिमखान्यांमध्ये अजून साठी उलटलेले काका दुपारी बिलियर्ड्स खेळताना दिसतील. जाऊन शांतपणे बसा आणि बॉलकडे न बघता त्यांच्या टिपेकडे बघा. साईड किती थोडी दिली जाते ते बघून आश्चर्य वाटेल. आणि मार्करशी, म्हणजे तिथल्या टेबलांची देखभाल करणाऱ्या माणसाशी, ओळख करून घ्या. टेबलाचं कापड आज कसं चाललंय हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही.

कापडाचं निघालंच आहे तर, जून ते सप्टेंबर तुमच्या वहीतले आकडे हलतील. दमट हवेत कापड ओल धरतं, बॉल लवकर थांबतो, स्वर्व्ह वाढतो, बॉलही एकमेकांना जास्त चिकटतात. मोठ्या स्नूकर स्पर्धांत टेबल खालून गरम ठेवतात ते यामुळेच. आपल्याकडे पंखा आणि नशीब. पावसाळ्यात हळू शॉटला साईड आणखी कमी करा, बाकी निशाणा बदलत बसू नका. आणि बॉल पुसायला लावा. टक्करीच्या नेमक्या जागी चॉकचा कण आला तर थ्रो एकदम वाढतो आणि अगदी बरोबर मारलेला शॉट जाड निघतो. त्याचा दोष स्वतःला देऊन निशाणा बदललात तर पुढचे दहा शॉट बिघडतात.

आता मित्र आणि व्हिडिओवाले. मित्रांचं निम्मं बरोबर आहे. स्पिन सोडायला नको, पण महिनाभर साईड फक्त कुशनला लागणाऱ्या शॉटला आणि तीही अर्ध्याच्या वर नाही, असा नियम घाला. टॉप, स्टन, स्क्रू हवे तेवढे.

शाफ्टचं असं आहे की लो डिफ्लेक्शन तीनपैकी एकाच गोष्टीवर काम करतो, तीही कमी होते, जात नाही. थ्रोला तुमचा शाफ्ट कुठला आहे हे माहीतही नसतं. शिवाय डिफ्लेक्शन कमी झालं की स्वर्व्हला खोडायला समोर कमी उरतं, त्यामुळे हळू शॉटला पहिले काही आठवडे तुम्ही उलट्या बाजूला हुकाल. तुमची खरी अडचण मला दुसरी वाटते. प्रश्नात तुम्ही लिहिलंय की रॅकमधला जो हाताला येईल तो क्यू घेता. म्हणजे रोज वेगळा जडपणा, वेगळी टिप, कधी छत्रीसारखी पसरलेली, कधी काचेसारखी गुळगुळीत. ज्या भरपाईबद्दल मी वर इतकं बोललो ती हाताने शिकायची तरी कुठल्या क्यूवर? आधी स्वतःचा एक क्यू घ्या. साधा चालेल, टेबलावर गडगडवून सरळ आहे हे बघा, मध्यम कडक टिप बसवून घ्या आणि सहा महिने दुसरा हातात धरू नका. त्यानंतरही लांबच्या, जोरदार साईडच्या शॉटलाच अडत असेल तर हलक्या शाफ्टवर पैसे घाला. साधा क्यू तेव्हाही टाकायचा नाही, ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला शॉट, मारायला ठेवायचा.